गिरणीसमोरची खुर्ची

"आधी बसा. उभ्यानं बोलणारा माणूस निम्मं खोटं बोलतो."

लेफ्टेरीकाकांचं हे बोलणं शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, ज्यानं ऐकलं नाही असा दुकानदार शोधून सापडायचा नाही. इंग्रजीत बोलत, समोरचा गुजराती असेल तर मोडक्या हिंदीत बोलत, आणि आपल्यापैकी कुणी आलं की गिरणीवाल्या त्र्यंबकरावांनी शिकवलेल्या मराठीत बोलत. बोलता बोलता हाताच्या पंजानं खुर्चीवरची नसलेली धूळ झटकत. माणूस टेकला की मग स्वतः बसत, आणि काम सोडून भलतंच विचारत. आई कुठं असते? गावाला जायचा रस्ता डोंगरातून जातो की नदीकाठानं?

त्यांचं पूर्ण नाव लेफ्टेरिस वाम्वाकास. ग्रीस देशात आर्केडिया म्हणून डोंगराळ मुलूख आहे, तिथल्या दगड जास्त आणि माती कमी अशा एका गावात त्यांचा जन्म झाला. बाप शेळ्या राखायचा. ओढ्यावर एक पाणचक्की होती, आणि तिची घरघर ऐकत गाव झोपायचं. पाऊस ओढून धरला, ओढा आटला आणि चक्की थांबली की म्हाताऱ्यांना झोप लागायची नाही, असं लेफ्टेरीकाका सांगत. त्यांचा चुलता शिकागोत खानावळ चालवायचा. त्यानं या पोराला बोलावून घेतलं. दिवसा शाळा, संध्याकाळी खरकटी भांडी. हात साबणानं पांढरे पडायचे.

पुढं ते डेव्हनच्या कोपऱ्यावरच्या बँकेत लागले. आधी काचेमागं, मग टेबलावर, मग आतल्या खोलीत मॅनेजर म्हणून. चुलत्याची खानावळ बंद झाली तेव्हा तिथल्या वेतानं विणलेल्या खुर्च्यांपैकी एक त्यांनी उचलून बँकेत आणली. बाकी बँक गुळगुळीत आणि थंड; मधे ही एक जुनी, बसलं की करकरणारी खुर्ची. डेव्हनवरची निम्मी दुकानं त्या खुर्चीनं उभी केली म्हटलं तरी चालेल. कागद नंतर. आधी माणूस बसायचा, बोलायचा, आणि त्याच्या बोलण्यावरून लेफ्टेरीकाका ठरवायचे. नियम थोडा आड आला तर तो वाकवायचे. वरचे साहेब कुरकुरत, पण खुर्चीवर बसून गेलेली माणसं सहसा बुडत नसत, म्हणून कुणी काही करू शकत नव्हतं.

त्याच खुर्चीवर एकदा त्र्यंबकराव येऊन बसले.

त्र्यंबकराव संगमनेरकडचे. इंजिनियर म्हणून आले, कंपनीनं घरी बसवलं, आणि दुसरी नोकरी शोधायची सोडून त्यांच्या डोक्यात पिठाची गिरणी शिरली. अमेरिकेत पाकिटातलं पीठ हवं तेवढं मिळत असताना गिरणी कशाला, असं ओळखीच्या सगळ्यांनी विचारलं होतं. लेफ्टेरीकाकांनीही विचारलं. त्र्यंबकरावांनी पिशवीतून फॉइलमध्ये गुंडाळलेलं थालीपीठ काढलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. लेफ्टेरीकाकांनी एक घास खाल्ला. मग फॉइल पुढं ओढून सगळं संपवलं, आणि कर्जाचा कागद काढला. पुढं कधी विषय निघाला की म्हणत, "मी कर्ज त्र्यंबकला दिलंच नाही. त्या पिठाला दिलं."

गिरणी चालली. नेपरव्हिल, शॉमबर्ग अशा लांबच्या उपनगरांतून माणसं भाजणीचे डबे गाडीत घालून येऊ लागली. दुकानात पाऊल टाकलं की भाजलेल्या धण्या-जिऱ्याचा वास, आणि भिंती, कपाटं, त्र्यंबकरावांच्या भुवया, सगळं पांढरं. मागं शरयूकाकू धान्य निवडत बसलेल्या. नवऱ्याहून बोलायला तिखट, आणि हिशेबाला पक्क्या. त्यांनी लेफ्टेरीकाकांना पहिल्या भेटीतच भाऊजी केलं. लेफ्टेरीकाकांची बायको केव्हाच गेलेली, मुलगा टेक्सासात. बँक सुटली की ते गिरणीत येऊन बसत. चक्कीचा आवाज ऐकत.

त्यांची आई गावाकडं वारली तेव्हा त्यांना जाता आलं नाही. गिरणीत येऊन त्यांनी अख्खे गहू मागितले. ग्रीक लोकांत मेलेल्या माणसाच्या नावानं गहू शिजवतात. त्यात साखर, मनुका, बदाम, डाळिंबाचे दाणे घालतात आणि मूठ मूठ वाटतात. खाणाऱ्यानं खाताना म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. लेफ्टेरीकाकांनी तो वाडगा गिरणीत आणला, आणि पहिली मूठ त्र्यंबकरावांनी खाल्ली.

"तुझ्या आईनं असं काय केलं होतं, की तिला क्षमा लागावी?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"मेलेल्याला क्षमा लागतेच. जिवंत असताना मागायचं राहून जातं."

पुढं एका मोठ्या बँकेनं ही लहान बँक विकत घेतली आणि कोपऱ्यावरची शाखा बंद केली. लेफ्टेरीकाका बाहेर पडले ते एवढी खुर्ची खांद्यावर घेऊन. रस्ता ओलांडला आणि ती गिरणीत आणून ठेवली. घरी नेली तर तिच्यावर बसायला येणार कोण, असं म्हणाले. त्यानंतर ते वर्षभर नुसते गिरणीत बसून होते. एवढा कर्ता माणूस असा पिठात बसून राहिलेला त्र्यंबकरावांना बघवेना. नगरसेवकाची निवडणूक आली होती. त्यांनी टोमणा मारला, की आयुष्यभर बसलास, आता जरा उभा राहून दाखव.

"उभा राहिलो तर निम्मं खोटं बोलावं लागेल."

"नगरसेवकाला तेवढं चालतं," शरयूकाकू मागून म्हणाल्या.

त्या निवडणुकीत लेफ्टेरीकाकांनी भाषणं केली नाहीत. त्र्यंबकरावांच्या गाडीत वेताची खुर्ची घालून दोघं गल्लीगल्लीत फिरले. घरापुढं खुर्ची मांडायची, घरच्याला तिच्यावर बसवायचं, आपण पायरीवर टेकायचं आणि ऐकायचं. म्हाताऱ्या बायका खुर्चीवर बसून रडत. तरुण पोरं बसून शिव्या देत. काका ऐकत. थोडक्यात निवडून आले, पण आले. गिरणीत बेसनाचे लाडू वाटले गेले आणि खुर्ची परत आपल्या जागी गेली.

आता इथली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

शिकागोत बर्फ पडलं की रस्त्याच्या कडेला गाड्या लावायची जागा गाडली जाते. मग ज्यानं फावड्यानं ती जागा उपसली, त्याची ती जागा. गाडी काढताना तो तिथं एक खुर्ची ठेवून जातो. मोडकी असो, धड असो, त्या खुर्चीला कुणी हात लावत नाही, बर्फ ढकलणारी गाडीसुद्धा तिला वळसा घालून जाते. कायद्यात हे कुठं नाही, पण घामाचा मान म्हणून सगळे पाळतात. त्र्यंबकराव दर बर्फात गिरणीसमोरची एक जागा उपसून काढत आणि तिथं लेफ्टेरीकाकांची वेताची खुर्ची मांडत. स्वतःच्या गाडीसाठी नव्हे. लांबून डबे घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना दारात उतरता यावं म्हणून. गिऱ्हाईक आलं की ते धावत बाहेर जाऊन खुर्ची उचलत, आणि गेलं की पुन्हा मांडत. बँकेच्या मॅनेजरची खुर्ची भर रस्त्यात पहाऱ्याला बसवली म्हणून लेफ्टेरीकाका त्यांना हसत.

नगरसेवक झाल्यावर त्यांचा पहिला हिवाळा. बर्फ मोठं पडलं. डेव्हनच्या मागच्या अंगाला नवी उंच इमारत झाली होती, तिथल्या लोकांनी तक्रारीवर तक्रारी केल्या. रस्ता सगळ्यांचा आहे, खुर्च्या कसल्या मांडता? नगरसेवक आपल्या ओळखीच्या दुकानदारांना सांभाळतोय, असंही कुणी बोललं. ते लेफ्टेरीकाकांना लागलं. त्यांनी रस्ते बघणाऱ्या माणसाला फोन केला आणि सांगितलं, डेव्हनच्या पट्ट्यातल्या सगळ्या खुर्च्या उचला. फोन हातात असताना त्यांना गिरणीसमोरची खुर्ची आठवली. ती तेवढी वगळा, असं तोंडापर्यंत आलं. पण एक वगळली तर लोक बोलतील, आणि त्र्यंबक काय, समजून घेईल. आयुष्यभर माणूस पाहून नियम वाकवणाऱ्या या गृहस्थानं एकदाच नियम सरळ ठेवला.

कचऱ्याची मोठी गाडी आली तेव्हा ते समोरच्या फूटपाथवर उभे होते. माणसांनी वेताची खुर्ची उचलली आणि मागच्या जबड्यात टाकली. लोखंडी फळी खाली आली. वेत मोडताना कसा आवाज होतो, तो त्यांनी नीट ऐकला. थांबा म्हणायला एक हात वर करायचा होता. तो केला नाही.

त्र्यंबकराव तेव्हा आत चक्कीपाशी होते. बाहेर आले तर खुर्ची नाही, आणि ती नाही म्हणून बर्फ ढकलणाऱ्या गाडीनं जातायेता उपसलेली जागा पुन्हा बुजवून टाकलेली. तेवढ्यात एक म्हातारी बाई लेकाच्या गाडीतून डबे घेऊन आल्या. गाडी लावायला जागा नव्हती. त्र्यंबकरावांनी त्यांना जरा थांबा म्हणून सांगितलं आणि पुन्हा फावडं घेतलं. दाबून बसलेलं ओलं बर्फ दगडासारखं जड असतं. अर्धी जागा झाली, आणि ते फावड्यावर रेलले तसेच खाली बसले. हॉस्पिटलात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

लेफ्टेरीकाका धावत हॉस्पिटलात आले. शरयूकाकू कोऱ्या चेहऱ्यानं बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की भाऊजी, खुर्ची कुणी नेली? खुर्ची असती तर त्यांना पुन्हा फावडं धरावं लागलं नसतं.

"शहराची माणसं," लेफ्टेरीकाका म्हणाले. "कुणी सांगितलं त्यांना, ते मी शोधून काढतो."

हे ते उभ्यानं बोलले.

दहाव्याला मिशिगन तळ्यावर गेलो. नाव तळ्याचं, पण आपल्या डोळ्यांना तो समुद्रच. कडेचं पाणी गोठलेलं होतं आणि वारा कपडे चिरून आत येत होता. आठवडाभर सॉफ्टवेअर तपासणारे आणि शनिवार-रविवारी पूजा सांगणारे चंद्रशेखर गुरुजी हातमोजे काढून मंत्र म्हणत होते. त्र्यंबकरावांची मुलगी अनया बेलव्ह्यूहून आली होती. तिला कावळ्याचं ठाऊक नव्हतं. गुरुजींनी तिला समजावलं, की गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. ती पुरी करू म्हणून शब्द द्यावा लागतो.

सीगल पक्षी घोंगावत होते. त्यांना अनया स्कार्फनं हाकलत होती. कावळा एकच होता, दिव्याच्या खांबावर. शिकागोत कावळे थोडे, पण हा आला होता. येऊन बसला होता, आणि खाली उतरत नव्हता.

गिरणी बंद पडू देणार नाही, असं शरयूकाकूंनी सांगितलं. कावळा हलला नाही. "डॅड, आय विल टेक केअर ऑफ मॉम," असं अनया म्हणाली. नाही हलला. कुणी काही म्हणालं, कुणी काही. शेवटी शरयूकाकू लेफ्टेरीकाकांकडं वळल्या, की भाऊजी, तुम्ही त्यांच्या जवळचे, तुम्ही बोला.

काकांनी टोपी काढली. विरळ केस वाऱ्यानं उभे राहिले. ते खांबाकडं बघत मराठीत म्हणाले, "त्र्यंबक, खुर्ची कुणी नेली, ते मी शोधून काढीन."

कावळा उडाला. खाली नाही आला. सरळ पाण्यावरून पलीकडं निघून गेला, आणि मागं वळला नाही.

गुरुजींनी वेळ होतो म्हणून दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. रीत म्हणून ते चालतं. पण तिथं असलेल्या कुणाच्याच मनाचं समाधान झालं नाही. शरयूकाकूंनी मात्र त्यातून एक अर्थ काढला, आणि तो धरून ठेवला. भाऊजी शोधतो म्हणाले आणि कावळा गेला, म्हणजे त्र्यंबकरावांना नाव हवंय. नाव कळेपर्यंत ते अडून राहणार.

तेव्हापासून लेफ्टेरीकाकांचं बसणं सुटलं. पाठ दुखते म्हणाले. त्यांच्या ऑफिसात गाद्या घातलेल्या खुर्च्या होत्या, पण त्यांच्यावर बसलं की पाठीला वेताची वीण टोचते, असं ते एकदा बोलून गेले. लोकांनी हसण्यावारी नेलं. लोक आले की "आधी बसा" म्हणत, पण पुढचं वाक्य म्हणणं त्यांनी बंद केलं, आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्यानं ऐकत. काम चोख करत. दिवे, गटारं, शाळेपुढचे गतिरोधक. नगरसेवक म्हणून त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. चेहरा मात्र हळूहळू असा होत गेला, की घरात कुणी आजारी आहे आणि हा औषध आणायला बाहेर पडलाय.

आणि गिरणीसमोरची ती जागा.

पुढच्या हिवाळ्यात पहिलं बर्फ पडलं. सकाळी गिरणी उघडायला शरयूकाकू आल्या तर त्या जागी बर्फात चार लहान खड्डे होते. खुर्चीच्या पायांचे असतात तसे. ना खुर्ची, ना आजूबाजूला माणसाचं पाऊल. त्यांना वाटलं, कुणी रीत म्हणून खुर्ची ठेवली आणि नेली असेल. शेजारच्या साडीवाल्याला विचारलं. मिठाईवाल्याला विचारलं. कुणी ठेवली नव्हती. दुसऱ्या बर्फातही तेच. मग लोकांनी ती जागा सोडून दिली. गाड्या रस्त्याला चकरा मारत, दोन गल्ल्या पलीकडं जाऊन लागत, पण तिथं कुणी लावेना. नवा माणूस लावायला गेलाच तर कुणीतरी काचेवर टकटक करून सांगे, की तिथं त्र्यंबककाकांची खुर्ची आहे. कुठं आहे, असं त्यानं विचारलं तर सांगणारा खाली बघे.

लेफ्टेरीकाका गिरणीकडं येत ते फूटपाथच्या आतल्या अंगानं, दुकानांच्या काचांना घासून. त्या जागेकडं त्यांनी कधी मान वळवली नाही. पण येणं थांबवलं नाही. त्र्यंबकरावांच्या वर्षदिनाला ते गहू शिजवून वाडगा घेऊन येत. रांगेतली गिऱ्हाइकं ग्रीक काकांची खीर म्हणून चवीनं खात. शरयूकाकूंना त्याचा अर्थ नवऱ्यानं सांगितलेला होता. त्या मूठभर घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "देव त्यांना क्षमा करो." मग डोळे उघडून विचारत, की भाऊजी, लागला का पत्ता?

"शोधतोय, वहिनी."

दर वर्षी एवढंच. एकदा त्या चिडून म्हणाल्याही, की अख्खं डेव्हन तुमच्या शब्दावर चालतं आणि एका खुर्चीचा पत्ता लागत नाही तुम्हाला? काकांनी वाडगा उचलला आणि निघून गेले.

पुन्हा निवडणूक आली. या खेपेस समोरचा उमेदवार तगडा होता. लेफ्टेरीकाकांचा प्रचार बघणारी कादंबरी नावाची एक वकील मुलगी होती. इथंच जन्मलेली, बोलायला चटपटीत. तिनं हिशेब मांडला, की डेव्हनवरची आपली माणसं एकमुखानं पाठीशी राहिली तर काका येतात, नाहीतर नाही. आणि ती माणसं शरयूकाकूंचं ऐकतात. हॉल बुक केला. शरयूकाकूंनी स्टेजवर येऊन दोन शब्द बोलावेत, म्हणजे झालं. काकूंनी होकार दिला. फक्त एक अट घातली. आधी नाव कळलं पाहिजे. माझ्या माणसाचं अडलंय, आणि तुमचं मी अडू देत नाही, पण माझंही तुम्ही अडवू नका, असा निरोप त्यांनी कादंबरीकडून पाठवला.

कादंबरीला त्यात अवघड काही दिसलं नाही. रिटायर झालेल्या कुणातरी साहेबाचं नाव सांगून टाका काका, ती म्हणाली. कोण बघायला जातंय?

सभेच्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होतं. तोच त्र्यंबकरावांचा वर्षदिनही होता. दुपारी कादंबरी गाडी घेऊन आली आणि गिरणीसमोर रस्त्यातच, इंजिन चालू ठेवून थांबली. जागा रिकामी होती, तरी तिनं तिथं लावली नाही. लेफ्टेरीकाका उतरले. काळा कोट, आणि हातात झाकलेला वाडगा. आत डबे घेऊन चौघं जण रांगेत होते. शरयूकाकूंनी सभेसाठी चांगली साडी नेसली होती, वरून पिठाचा एप्रन. काकांना बघून त्यांनी चक्कीचं बटण बंद केलं. दगड फिरत फिरत मंद झाला आणि थांबला. भर दुपारी गिरणी बंद झालेली तिथल्या कुणी ऐकली नव्हती. त्या शांततेनं रांगेतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

काकूंनी स्टूल पुढं सरकवलं. "आधी बसा, भाऊजी."

"नाही वहिनी. आज उभ्यानंच सांगतो. बसलो तर सांगायचो नाही."

त्यांनी वाडगा काउंटरवर ठेवला. दोन्ही हात मोकळे सोडले. रांगेतला एक जण बाहेर जायला निघाला, त्याला त्यांनी मानेनं थांबवलं.

"फोन मी केला होता. खुर्च्या उचला म्हणून. ही खुर्ची आठवली होती मला, तरी केला. गाडीत टाकली तेव्हा मी तिथं समोर उभा होतो. आणि तळ्यावर मी खोटं बोललो. तुमच्याशी नाही, त्याच्याशी."

शरयूकाकूंनी एप्रनला हात पुसले. पुन्हा पुसले. बाहेर कादंबरीनं एकदा हॉर्न वाजवला.

"मी शहरभर माणूस शोधत होते," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तुम्ही दर वर्षी इथं वाडगा घेऊन उभे."

काका उभेच.

"हे तळ्यावर बोलला असता, भाऊजी, तर शिवला असता तो."

एवढं म्हणून त्या काउंटरशी आल्या. वाडग्यावरचं झाकण काढलं. गव्हावर डाळिंबाचे दाणे होते. रांगेतल्या सगळ्यांना वाटलं, आता त्या नेहमीसारखी मूठ घेतील, आणि नेहमीचं म्हणतील. त्या बघत राहिल्या. मग झाकण परत लावलं, नीट दाबलं, आणि वाडगा त्यांच्या हातात दिला.

"हे त्यांना नेऊन द्या. जे बोललात ते तिथं बोला. मग बघू."

"सभेला..." रांगेतलं कुणीतरी पुटपुटलं.

"मी जाणार नाही," लेफ्टेरीकाका म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. टोपी घातली, वाडगा छातीशी धरला आणि बाहेर पडले.

सभेचा हॉल पश्चिमेला होता. ते पूर्वेला वळले, जिकडं डेव्हन सरळ जात जात तळ्याशी संपतं. गाडीवाचून ती वाट लांब आहे, आणि त्या बर्फात त्या वयाच्या माणसाला तर फारच लांब. कादंबरीनं काच खाली केली, हाक मारली. त्यांनी हात वर केला, थांब म्हणून की राहू दे म्हणून, कोण जाणे. या खेपेस ते काचांना घासून गेले नाहीत. फूटपाथ उतरले, आणि त्या रिकाम्या जागेपाशी थांबले. ताज्या बर्फात चार खड्डे होते. त्यांनी ते पाहिले. बसायच्या आधी माणूस खुर्चीकडं जसा बघतो, तसे पाहिले. मग वळसा घालून, खड्डे न तुडवता, पुढं चालू लागले.

रांगेतली माणसं काचेला लागून बघत होती. कादंबरी गाडीतून उतरून, फोन हातात तसाच धरून बघत होती. साडीवाला दुकानाबाहेर आला होता. काळा कोट बर्फात हळूहळू करडा झाला, मग पांढरा झाला, आणि चालणं तेवढं दिसत राहिलं.

शरयूकाकू गिरणीच्या दारात उभ्या होत्या. त्यांची नजर आधी त्या पाठीवर होती. मग ती वर गेली, आणि रस्त्याकडेचे दिव्यांचे खांब त्या एकेक करून बघत राहिल्या, पूर्वेकडं, जिथवर दिसत होते तिथवर.